दहावा फर्मा

दि. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल परवा मिळालं. तिन्ही पुस्तकं शाबूत आहेत. फक्त जाड पुस्तकाचा एक कोपरा दबला होता, तो ओलसर फडक्याने उठवून दाबाखाली ठेवला आहे. परत येईल तेव्हा तुझ्या वाचनालयात कोणाला कळणारही नाही.

पत्रही मिळालं. तू लिहिलंस की आईचा शेवटचा दिवस सकाळपासून लिहून पाठव असं तू पाच महिन्यांत तीनदा सांगितलंस, आणि तीनही वेळा माझ्याकडून एकच ओळ आली: ‘आई दुपारी सव्वातीनला गेली, त्रास झाला नाही.’ तिसऱ्या वेळी तर तू ती ओळ पाकीट उघडण्याआधीच म्हणून दाखवलीस, असंही लिहिलं आहेस. ताई, मी काही लपवत नाही. लिहायला बसतो, ती ओळ होते, आणि तिच्यापुढे हात चालत नाही. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. मला शुद्ध लिहिता येतं, पण सांगता येत नाही. हे मी मागच्या पत्रात लिहिलं, तर तू गोष्टी लिहायला शिकणाऱ्यांसाठीची तीन पुस्तकं पाठवून दिलीस. ही चेष्टा आहे की खरंच, ते समजलं नाही. मी खरंच धरून चाललो आहे.

अजून वाचली नाहीत. आमच्या धंद्यात पुस्तक आधी बाहेरून पाहायची सवय असते, तेवढं झालं आहे. पातळ पुस्तकाला नुसत्या पिना मारल्या आहेत, त्या गंजल्या आहेत. जाड पुस्तकाची खळ वाईट आहे, उघडलं की पाठ कुरकुरते. तिसऱ्याला तुमच्या वाचनालयाने वरून हिरवं कापड चढवलं आहे, पण आतली शिवण चांगली आहे. त्यामुळे मी याच क्रमाने वाचणार आहे, चांगलं शेवटी.

बाबा बरे आहेत. सकाळी आठला टेबलाशी बसतात, संध्याकाळी सहाला उठतात. सध्या शाळांची कामं आहेत. बाहेरच्या खोलीत कागदाचे ढीग इतके झाले आहेत की आडवं होऊन चालावं लागतं. आतल्या खोलीत मी फारसा जात नाही, तिथे काही काम नसतं.

ही तिन्ही वाचून झाली की तो दिवस लिहीन. नीट लिहीन. तोवर धीर धर. तुझा लोभ पक्क्या दोऱ्याने शिवलेला आहे, हे मला ठाऊक आहे. दोरा कितीही ताणला तरी तो तसाच राहू दे.

तुझा,
टिंबू

*

दि. १८ मार्च

चि. टिंबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एकही खाडाखोड नाही. म्हणजे आधी कच्चं लिहिलंस आणि मग पक्कं केलंस. अरे, बहिणीला लिहिताना कसलं आलंय कच्चं आणि पक्कं? लहानपणी दुकानांच्या पाट्यांवर राहिलेले अनुस्वार खडूने भरत फिरायचास, म्हणून तुझं नाव टिंबू पडलं. तू मोठा झालास, पण खडू काही हातातून सुटला नाही.

पुस्तकं मी चेष्टेने पाठवली नाहीत. अर्धी चेष्टेने पाठवली असं म्हण. आमच्याकडे एक मीटरवाले काका येतात. आयुष्यभर लोकांच्या घरची विजेची मीटरं वाचली, आता निवृत्त आहेत आणि कादंबरी लिहिणार आहेत. ते जाड पुस्तक गेली चार वर्षं तेच नेतात, मुदत संपली की आणतात, आणि शिक्का मारून पुन्हा नेतात. एक पान लिहून झालं का विचारलं, तर म्हणतात, तयारी चालू आहे. या वेळी पुस्तक तुला पाठवलं तर माझ्यावर रुसले. कोण हा भाऊ, त्याची तयारी कुठवर आली, असं दर दोन दिवसांनी विचारून जातात. तेव्हा तू आता एकटा नाहीस, शर्यतीत आहेस.

खरं सांगायचं तर मला गोष्ट नको आहे. मला तो दिवस हवा आहे. तुम्ही कळवल्यावर दोन बस बदलून मी दुसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा सगळं उरकलेलं होतं. भांडी घासलेली, फरशी पुसलेली. तू आणि बाबा टेबलाशी बसून पुस्तकं शिवत होतात. मला क्षणभर वाटलं की मी भलत्याच घरात आले. तुम्ही दोघांनी मान वर केली, आणि बाबांनी विचारलं की मी जेवले का. मीही आपली हो म्हणाले. जेवले नव्हते.

मला तेव्हा रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. वाचनालयात कोणी विचारतं कशाने गेल्या, मी सांगते की हृदय कमजोर होतं. मग विचारतात, शेवटी काही बोलल्या का? तेव्हा मी रजिस्टर उघडून उगीच एखादा नंबर शोधते. मला सांगायला काही नाही रे. ती काय खाऊन गेली, काय बोलून गेली, माझी आठवण काढली का, यातलं मला काहीच माहीत नाही. मुलगी असून मी त्या दिवसाला परकी आहे.

एवढंच. तू वाच. पानं दुमडू नकोस, हे तुला सांगायची गरज नाही. माझ्यावर माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस, आणि ओळी मात्र वाढव.

तुझी,
ताई

*

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मीटरवाल्या काकांना सांग की जाड पुस्तक वाचून झालं, रजिस्टर पोस्टाने परत पाठवतो आहे. पाठीला नवी खळ लावून दिली आहे, आता कुरकुरणार नाही. आणखी चार वर्षं सहज टिकेल.

आता शिकलो काय ते सांगतो. पातळ पुस्तक म्हणतं की गोष्टीतल्या माणसाला काय हवं आहे ते पहिल्याच वाक्यात सांगावं, म्हणजे वाचणारा पुढे येतो. मी नवा कागद घेतला, ‘आईला हवं होतं’ असं लिहिलं आणि पुढे जागा सोडली. दोन दिवस तो कागद तसाच होता. मग त्याच्या मागच्या बाजूला शाळेच्या कामाची मापं लिहिली.

जाड पुस्तकात दोन गोष्टी आहेत. एक, आजूबाजूच्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐकावं आणि टिपून ठेवावं. मी एक पूर्ण दिवस बाबांचं बोलणं टिपलं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, एकोणीस शब्द. त्यांतला ‘दोरा’ सात वेळा. दुसरी गोष्ट, कोणताही प्रसंग लिहिण्याआधी डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांना काय जाणवलं त्याची यादी करावी. हे मला जमण्यासारखं वाटलं. पट्टीने पाच रकाने आखले. नाकाच्या रकान्यात शिजलेली खळ आणि औषध लिहिलं. डोळ्यांच्या रकान्यात बरंच आहे, खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर कुठवर आली होती तेसुद्धा. त्वचेच्या रकान्यात बोटांवर वाळणारी खळ. जिभेला काही नाही. कानाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.

तिसरं, हिरव्या कापडाचं पुस्तक सगळ्यांत चांगलं. ते शिकवत नाही, शेजारी बसून बोलल्यासारखं आहे. त्यात एके ठिकाणी म्हटलं आहे की सांगणाऱ्याला गोष्ट येत नाही असं सहसा नसतं, त्याला ती एका जागेच्या पुढे न्यायची नसते. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. नंतर ‘मध्यावर अडणं’ असा धडा आहे, आणि त्याच्या पुढचा ‘शेवट’. मला तोच हवा होता. पण ताई, तो पुस्तकात नाहीच. १४४व्या पानाचं शेवटचं वाक्य आहे, ‘शेवटाची भीती वाटते ती’ आणि त्याच्यासमोर पान १६१, ‘एकाच बाजूला लिहावं आणि डावीकडे दोन बोटं समास सोडावा.’ सोळा पानं गायब. फाडलेली नाहीत, मी निरखून पाहिलं. ती शिवलीच गेली नाहीत.

तू लहानपणी हे काम केलं आहेस, तरी आठवण करून देतो. छापखान्यातून मोठे कागद येतात, ते दुमडले की सोळा पानांचा एक फर्मा होतो. सगळे फर्मे ओळीने मांडून, टेबलाभोवती फिरत एकेक उचलायचा, तो जुळलेला गठ्ठा म्हणजे एक पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, आणि ओळीने लावले की त्या खुणा जिन्यासारख्या खाली उतरत जातात. एक फर्मा राहिला तर जिन्याची एक पायरी नसते, आंधळ्यालाही बोटाने कळेल. इथे दहावी पायरी नाही. बांधणाऱ्याने शिवताना पाहिलं नाही, जुळवताना पाहिलं नाही, दाबात घालताना पाहिलं नाही. असल्या माणसाच्या हाती सुई देऊ नये.

दुसरी प्रत मिळते का, बघशील? फक्त सोळा पानं हवी आहेत. उतरवून पाठवलीस तरी चालेल. त्यांच्याशिवाय माझं पुढे सरकणार नाही असं वाटतं.

तुला कामाला लावतो आहे, पण माझ्यावरचा लोभ त्यामुळे आटणार नाही अशी खात्री आहे. नसली तर कळव.

तुझा,
टिंबू

*

दि. ६ एप्रिल

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. ते काम तुझी आई करत असे. हे मी टपालपेटीत स्वतः टाकतो आहे, तुझ्या भावाला माहीत नाही.

तो काम करतो. सांगितलं ते करतो, न सांगितलेलंही करतो. दुपारी रद्दी कागदाच्या पाठीवर काही लिहितो, शब्दकोश बघतो, मग घडी करून चुलीत टाकतो. मागे एक दिवस माझ्याकडे बघून दिवसभर वही लिहीत होता. मला वाटलं, माझी तब्येत बघतो आहे. हसत नाही, रडत नाही, चुकतही नाही. एखादं काम चुकला असता तर मी ओरडलो असतो. घरात तेवढा तरी आवाज झाला असता.

आतल्या खोलीत तिचा पलंग आहे तसाच आहे, डोक्याकडून उंच. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी डोकं उंच ठेवायला सांगितलं म्हणून पोराने पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली हाताला लागले ते गठ्ठे दिले होते. ते तो काढत नाही. मीही सांगत नाही. मी खाली झोपतो. पाठीला बरं वाटतं असं त्याला सांगितलं आहे.

तू त्याला त्या दिवसाचं फार विचारू नकोस. विचारायचं तर मला विचार. पण मलाही विचारू नकोस.

तब्येतीला जप. आमच्यावर माया ठेवतेस, अशीच ठेव.

बाबा

*

दि. १७ एप्रिल

चि. टिंबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. वाईट काही नाही, पण बसून वाच.

दुसरी प्रत शोधायला मी गावातल्या दुसऱ्या वाचनालयात गेले. तिथल्या प्रतीत १४४ नंतर १६१. कॉलेजात गेले, तिथेही तेच. तेव्हा प्रकाशकाला पत्र टाकलं. त्यांच्या कारकुनाचं उत्तर आलं, फार सभ्य माणूस आहे. पुस्तकाची एकच आवृत्ती निघाली, तीनशे प्रतींची. सगळ्या एकदमच बांधून आल्या. सहा महिन्यांत एकही तक्रार नाही, आणि माझं पत्र वाचल्यावर त्याने कपाटातली प्रत उघडून पाहिली तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं. आमच्या रजिस्टरात हे पुस्तक अकरा जणांनी नेलेलं आहे. अकरांतल्या एकानेही विचारलं नाही. मीटरवाल्या काकांनीही वाचलं होतं. त्यांना विचारलं, तर म्हणाले की शेवट वाचकावर सोडलाय असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांना फार आवडलं होतं.

आता पुढचं. कारकुनाने बांधणाऱ्याचं नाव कळवलं. पण त्याचं पत्र येण्याआधीच मला समजलं होतं. दुसऱ्या वाचनालयातली प्रत मूळ पुठ्ठ्यातली होती. मधल्या फर्म्यात शिवणीची गाठ दिसली. दोन वेढे आणि टोक आत दडवलेलं. मी दहा वर्षांची असताना बाबांनी ती गाठ मला बोट धरून शिकवली होती. अशी गाठ दुसरं कोणी घालत नाही.

पुस्तकं बांधून पोचल्याची तारीख वीस ऑक्टोबर. आई चौदाला गेली. पंधराला मी दारात उभी राहिले तेव्हा तुम्ही दोघे जे शिवत होतात ते हेच पुस्तक होतं, टिंबू. मी त्याच्या ढिगाला वळसा घालून आत आले होते.

सुई हाती देऊ नये वगैरे तू जे लिहिलंस ते वाक्य मी वाचलेलंच नाही. तू ते खोडलं होतंस, असं धरते. तू आयुष्यात एकदा चुकलास आणि तेही त्या आठवड्यात, यात मला तरी काही वावगं दिसत नाही. उलट ती गाठ बघितली आणि वाचनालयाच्या बाकावर मी बराच वेळ बसून राहिले. तुम्ही दोघे त्या दिवशी दगडासारखे दिसत होतात, म्हणून मी इतके महिने मनात राग धरला होता. दगड कधी पायरी चुकत नाही रे.

कारकून विचारतो की ती सोळा पानं छापखान्यातून आलीच नव्हती की तुमच्याकडे राहिली. आपल्या घरातून तर कधी चिंधी बाहेर जात नाही. शोध. मिळाली तर बरं, नाही मिळाली तरी दिवस लिहून पाठव. वेडावाकडा पाठव. शेवट नसला तरी चालेल, काकांना आवडेल.

रागावू नकोस आणि मला तोडू नकोस.

तुझी,
ताई

*

दि. २६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे कच्चंच पाठवतो आहे. खाडाखोड होईल, ती तशीच राहील.

तुझं पत्र मी टेबलाशी वाचलं. ते पुस्तक आम्ही शिवलं हे मला आठवत नाही, आपली गाठ समोर असून दिसली नाही. त्या आठवड्यातलं मला हातांचं काम आठवतं, कशाचं ते नाही. मग ‘शोध’ हा शब्द वाचला, आणि मी उठून सरळ आतल्या खोलीत गेलो. कुठे बघायचं ते माझ्या पायांना ठाऊक होतं. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली तपकिरी कागदाचे दोन गठ्ठे आहेत. अंकांची बाजू भिंतीकडे होती. मी ओणवा होऊन गालाने भिंत घासत वाचलं. माझंच अक्षर. ‘फर्मा १०, नग १५०.’ दोन्हीवर तेच.

आता तो दिवस.

सकाळी आईला आडवं पडून श्वास घेता येईना. डॉक्टर नऊला आले, इंजेक्शन दिलं, डोक्याची बाजू उंच करा म्हणाले, आणि संध्याकाळी परत येतो असं सांगून गेले. विटा नव्हत्या. दहावा फर्मा छापखान्यातून उशिरा, आदल्या संध्याकाळी आला होता आणि दाराशीच होता. बाबांनी पलंग उचलला, मी गठ्ठे सरकवले. आई म्हणाली की घरात जन्मभर पुस्तकांचा पसारा झेलला, आज पहिल्यांदा तिला त्यांचा काही उपयोग झाला. बाबा हसले. मीही हसलो.

दहा वाजता तिने दोन घोट चहा घेतला. बिस्कीट बुडवलं, ते कपातच पडलं, तिने मला कप दाखवला आणि भुवया उडवल्या. अकराला तुझं विचारलं. मी म्हटलं, ताईला फोन करून येतो. ती नको म्हणाली. तुझ्या वाचनालयात पुस्तकमोजणी चालू असेल, उगीच तुझा जीव टांगणीला लावू नका, रविवारी सावकाश कळवा म्हणाली. मी ऐकलं. हे तुला आधी सांगायला हवं होतं. तू परकी नव्हतीस. तिने तुला सांभाळून बाहेर ठेवलं, आणि मी तिला तसं करू दिलं.

दुपारी ती पडून होती. बाबा आतल्या खोलीच्या दाराजवळच्या खुर्चीवर शिवत होते. मी पलीकडे हजेरीपटांचे पुठ्ठे चिकटवत होतो. बारा पुठ्ठ्यांना खळ लावून झाली होती. खळ लावली की कागद लगेच बसवावा लागतो, नाहीतर पुठ्ठा वाकतो. अडीच वाजले होते. आईने हाक मारली. म्हणाली, मी खाली सरकते आहे रे, उशाकडून जरा खाली कर. मी म्हटलं की थांब, हात खळीचे आहेत. ती म्हणाली, बरं.

मी बाराही पुठ्ठे पूर्ण केले. एकही वाकला नाही. हात धुतले, पुसले. डॉक्टरांनी उंच ठेवायला सांगितलं आहे तर खाली करावं की नाही, याचाही विचार केला. मग आत गेलो. घड्याळात सव्वातीन झाले होते. ती बरीच खाली सरकली होती, आणि तिचा एक हात पलंगाच्या कडेला होता, धरून ठेवल्यासारखा.

मी तुला तीन वेळा चुकीची ओळ पाठवली. सव्वातीनला मी पाहिलं. ती कधी गेली ते मला माहीत नाही. त्रास झाला नाही हेही मला माहीत नाही. या दोन्ही चुका आज दुरुस्त करतो.

दुसऱ्या दिवशी, काम द्यायचं होतं म्हणून नव्हे, तर दुसरं काय करायचं ते सुचेना म्हणून आम्ही जुळवणीला बसलो. टेबलावर अकरा ढीग हवे होते, दहा होते. मी दहांभोवती तीनशे वेळा फिरलो. खुणा मी पाहिल्या असणार, मी नेहमी पाहतो. दिसल्या नाहीत.

हे सगळं काल सकाळी बाबांना सांगितलं. तुला लिहिण्याआधी त्यांना सांगणं बरोबर वाटलं. मी बोलत होतो आणि ते शिवत होते. दोरा संपेपर्यंत शिवत राहिले. गाठ घातली, टोक आत दडवलं, कात्री खाली ठेवली. मग म्हणाले की हाक त्यांनीही ऐकली होती. त्यांची खुर्ची दाराच्या जास्त जवळ होती. त्यांना वाटलं की मी जातो आहे. सुईत दोरा अर्धा उरला होता. तेवढा संपवून बघू म्हणाले होते मनाशी, आणि मग दुसरा ओवला.

मग ते उठून आत गेले आणि मला बोलावलं. त्यांनी उशाकडून पलंग उचलला. म्हणाले, किती हलका आहे. मी एक गठ्ठा ओढला, मग दुसरा. त्यांनी पलंग हळू टेकवला. पायांचा जमिनीवर थोडा आवाज झाला. बाबा कडेला बसले, मग आडवे झाले, उजवीकडे डावीकडे पाहिलं, आणि नीट झालं म्हणाले. पाच मिनिटांत त्यांना झोप लागली. भर सकाळी, कामाच्या वेळी. मी उठवलं नाही. दुपारपर्यंतची शिलाई मीच केली.

गठ्ठे सोडले. वरच्या फर्म्यांवर पलंगाच्या पायाचा गोल ठसा उमटला आहे, आणि तो फिकट होत होत तळाच्या फर्म्यापर्यंत गेला आहे. सोबत एक पाठवतो, मधला, ज्यावर ठसा जेमतेम दिसतो. कडा अजून कापलेल्या नाहीत, म्हणजे वाचायचा तर सुरीने उघडावा लागेल. मी उघडला नाही. मला आता त्याची घाई नाही. तू वाच, आणि काही कामाचं असलं तर दोन ओळींत कळव. प्रकाशकाला बाबांनी स्वतः पत्र लिहिलं आहे, चूक आमची असं स्पष्ट. मिळतील तेवढ्या प्रती परत मागवून, उसवून पुन्हा शिवणार आहोत. तुझ्या वाचनालयाची प्रत मी आजच उसवायला घेतली. काकांना सांग की आता शेवट आहे, त्यांची हरकत असली तर पुस्तक नेऊ नये.

ताई, हे वाचून तुला माझा राग आला तर तो लिही. त्याची जागा सोडून बाकी पानभर आधीसारखाच लोभ असू दे. मला दोन्ही चालतील, पण पत्र येऊ दे.

तुझा,
टिंबू

ता. क. आई ‘बरं’ म्हणाली ते चिडून नव्हे. आपण काही काम मध्येच सोडू शकत नाही, हे ती जसं नेहमी म्हणायची तसंच, सोप्या आवाजात. कानाच्या रकान्यात मी ते आज लिहिलं आहे.